डोळ्यांची आखणी

आमच्या कलासंस्थेत माझ्याकडे दोन कामं आहेत आणि त्या दोघांचं आपसात अजिबात पटत नाही. एक, संग्रह सांभाळायचा. दुसरं, शिक्षण विभाग चालवायचा. संग्रह म्हणतो, कशालाही हात लावू देऊ नका. शिक्षण म्हणतं, हात लावल्याशिवाय पोराला काय कळणार. मोठ्या शहरांत या दोन कामांना दोन माणसं असतात आणि ती मीटिंगमध्ये भांडतात. पनवेलमध्ये पगार एकाचाच असल्यामुळे ते भांडण माझ्या डोक्यात चालतं. त्यात माझा स्वभाव तापट, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज मोठाच.

संस्था तशी लहान. जुन्या पनवेलमध्ये तळ्यापासून चार पावलांवर. खाली दोन दालनं, वर वस्तूंचं भांडार, मागे मुलांसाठी एक लांबट खोली. अध्यक्षांना सगळे शेठ म्हणतात. बापजाद्यांची भातशेती होती, मग मिठागरं, आता इमारती. ‘चित्रातलं मना काय कलत नाय’ हे ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण महिन्यातून एकदा दोन्ही दालनांतून हात मागे बांधून फिरल्याशिवाय राहत नाहीत. मला ते आवडतात. भांडायला समोर माणूस भक्कम असला की बरं वाटतं.

आमच्या संग्रहात एक गणपती आहे. शाडूचा, हातावर घडवलेला, साचा न वापरता. उरणच्या वाटेवरच्या एका गावातल्या म्हाताऱ्या मूर्तिकाराचं ते शेवटचं काम. अंगरंग झालेला, पितांबर झालेला, शेल्याची किनारसुद्धा झालेली. फक्त डोळे राहिले होते. मूर्तीवरचं शेवटचं काम डोळ्यांचं, त्याला आखणी म्हणतात, आणि ती करायच्या आधीच म्हातारबाबा गेले. त्यांचा मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला. त्याने एका सकाळी टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून, ती मूर्ती आमच्या दारात आणली.

‘‘विकत कोन घेत नाय,’’ तो म्हणाला. ‘‘आनि बुडवता पन येत नाय, कारन पुजलेलाच नाय. घरात ठेवला तर आई रोज बगून रडते. तुमी ठेवा.’’

मी ठेवला. मुंबईहून एका जाणकार बाईंना बोलावून त्याच्यावर रंग धरून ठेवणारा पारदर्शक थर देऊन घेतला. आणि मग माझ्यातल्या शिक्षण विभागाने डोकं वर काढलं. मूर्ती कशी होत जाते हे मुलांना दाखवायला याच्याइतकी उत्तम वस्तू दुसरी कुठली असणार? मातीपासून शेल्यापर्यंत सगळं झालेलं, आणि नेमकं शेवटचं पाऊल बाकी.

दाखवायला माणूस हवं म्हणून मी म्हातारबाबांच्या सुनेला बोलावलं. मी तिला वहिनी म्हणत असे. लग्न होऊन आल्यापासून ती कारखान्यात राबलेली. गणपती घडवायच्या जागेला, गणपतीच्या शाळेला, त्यांच्याकडे कारखानाच म्हणतात, मग तो पडवीत का असेना. माती मळणं, पॉलिश पेपर मारणं, सफेदा देणं, पितांबर, दागिने, सगळं तिच्या हातचं. डोळे मात्र सासऱ्यांचे. सासरे गेले आणि कारखाना बंद पडला, कारण डोळे काढणारं माणूस घरात नाही असं सगळ्या गावाने ठरवून टाकलं. गावाचे गणपती पेणहून यायला लागले. कारखाना परत सुरू व्हावा ही तिची इच्छा होती, हे तिने मला पहिल्याच भेटीत चहा ओतता ओतता सांगितलं होतं. मी ‘बघू या’ म्हणाले, पण त्यात बघण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं.

वहिनी दाखवायला आल्या त्या दिवशी आपटा गावच्या शाळेतली मुलं येणार होती आणि खांदा कॉलनीतल्या एका इंग्रजी शाळेतली. आपट्याची मुलं वेळेच्या आधी हजर, कारण त्यांचा टेम्पो पहाटेच निघाला होता. खांदा कॉलनी हाकेच्या अंतरावर, म्हणून ती मुलं उशिरा. त्यांची बस ट्रेलरच्या रांगेत अडकली होती आणि त्यांच्या बाई मला दर थोड्या वेळाने फोन करून रस्त्याचं वर्णन ऐकवत होत्या. मी खोलीत सगळी मांडामांड केली होती. वहिनींसमोर प्लास्टरचा एक नुसता चेहरा ठेवला होता, त्याच्यावर त्या डोळे काढून दाखवणार होत्या. शेजारच्या टेबलावर संग्रहातला गणपती. संग्रहातल्या वस्तूभोवती दोरी बांधायची असते, ती मी सोडून ठेवली होती, मुलांना जवळून दिसावं म्हणून.

फोन वाजला तशी मी दाराबाहेर गेले. बाई सांगत होत्या, बस आता हलली. आत आपट्याची मुलं चिवचिवत होती. आणि एकदम खोली गप्प झाली. मुलं जेव्हा एका क्षणात गप्प होतात तेव्हा काहीतरी फुटलेलं असतं किंवा कुणीतरी पडलेलं असतं. मी फोन कानाला तसाच ठेवून आत धावले.

काही फुटलं नव्हतं. वहिनी संग्रहातल्या गणपतीसमोर बसल्या होत्या, हातात बारीक ब्रश, आणि गणपती माझ्याकडे बघत होता.

नंतर कळलं ते इतकंच, की पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं होतं, ‘‘ह्या गनपतीला डोले का नाय?’’ वहिनींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मूर्तीकडे, आणि समोरचा प्लास्टरचा चेहरा बाजूला सारला.

मी चिडले. खोटं कशाला सांगू, मी इतकी चिडले की माझे कान गरम झाले. तरीही मुलांना मातीचे गोळे वाटले, उशिरा आलेल्या मुलांनाही वाटले, हसून वगैरे दाखवलं. सगळी गेल्यावर मात्र मी वहिनींना म्हणाले, की ही संस्थेची वस्तू आहे, तुमच्या घरची नाही, आणि कुणालाही न विचारता तुम्ही ती बिघडवली आहे. त्यांनी ब्रश धुतला, पदराला पुसला आणि त्या रिक्षा पकडायला गेल्या.

विश्वस्तांची बैठक बसली. विश्वस्तांमध्ये एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात आणि निम्म्या पनवेलला त्यांनी पेन्सिल धरायला शिकवलं आहे. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. ‘‘कलावंत काम अर्धं टाकून गेला तर ते काम अर्धंच. ते पुरं करायचा अधिकार कुणालाही नाही. उद्या एखादं मूल भिंतीवरच्या चित्राला मिशा काढेल, तेव्हा काय म्हणाल?’’ मुंबईच्या जाणकार बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, रंग आपल्या थराच्या वर आहे, ओल्या कापसाने निघून येईल, खाली ओरखडासुद्धा उठणार नाही. सर म्हणाले, झालं तर मग. आणि फाईल मिटता मिटता त्यांनी पुस्ती जोडली, ‘‘शिवाय डावा डोळा खाली आलाय.’’

ठरलं ते असं: डोळे पुसायचे, आणि ते पुसले जाईपर्यंत बाहेरच्या कारागिरांना घेऊन चालणारे मुलांचे सगळे वर्ग बंद. पुसण्याच्या कागदावर संग्रहप्रमुखाची सही लागते. म्हणजे माझी.

मी कागद पिशवीत टाकला. सही करायचीच होती. आधी वहिनींना सांगावं म्हणून त्यांच्या गावी गेले. रागावून बोलले होते ते मनात टोचत होतं, हेही खरं.

पडवीतल्या कारखान्यात फळ्या तशाच लावलेल्या होत्या, रिकाम्या. वहिनींनी मला पाट दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. मी विचारलं, ‘‘मूर्ती इतके महिने तुमच्या घरात होती. मग डोळे तेव्हाच का नाही काढले?’’

‘‘हितं मना कोनी काढू दिलं नसतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नवरा नको म्हनला, सासू, आमच्या आत्या, नको म्हनल्या, शेजारचे नको म्हनले. बायकांनी डोल्याला हात लावायचा नाय. सासऱ्यांची, मामांची, नजर गेली ना, तवा शेवटची दोन वरसं मीच त्यांचं मनगट धरत होते. वर घ्या, खाली घ्या, आता थांबा. हात त्यांचा, नजर माझी. त्ये सगल्यांना चालत होतं. तुमच्या हितं त्या पोरीनं विचारलं आनि नाय म्हनायला कोन नव्हतं.’’

मग त्या म्हणाल्या, ‘‘तुमी पुसलंत, तर लोक म्हनतील, बगा, शिकलेल्या लोकांनी पन पुसलं. मग ह्या फल्या मी जळनाला घालीन.’’

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला लाज वाटली नाही, कळवळाही आला नाही. मला पुन्हा राग आला, फक्त या वेळी माणसं बदलली होती. जिचा हात गावातल्या चाळीस घरांच्या गणपतींवर पितांबर रंगवायला चालत होता, तिचाच हात बोटभर वर सरकला की तो बिघाड ठरतो, आणि त्या बिघाडावर सही मी करायची. पिशवीतला कागद मी तसाच परत आणला आणि दुसऱ्या दिवशी शेठच्या टेबलावर ठेवला, कोरा.

‘‘ह्याच्यावर सही कुटं हाय?’’

‘‘नाही केली. करणार नाही.’’

‘‘मॅडम, मग वर्ग बंदच राहतील. माजा नाइलाज हाय.’’

‘‘राहू देत,’’ मी म्हणाले, आणि जिना उतरले.

पण वर्ग बंद राहणं मला परवडणारं नव्हतं. ते वर्ग मी शून्यातून उभे केले होते. शाळाशाळांत जाऊन मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ताटकळत बसले होते. आपट्याच्या शाळेत वीटभट्टीवरच्या घरांतली काही मुलं आहेत, ती पावसाळा संपला की आईबापाबरोबर भट्टीवर जातात. शाळेला असतील तेवढ्या महिन्यांत त्यांना जे मिळेल ते मिळेल. माझ्या हट्टापायी त्यांचं वर्ष वाया जाणार होतं. घरी नवरा म्हणाला, एका सहीचा प्रश्न आहे, करून टाक. मी त्याला म्हटलं, तुझी सही कर, आणि दोन दिवस बोलले नाही.

मग मी ठरवलं, मुलं संस्थेत येऊ शकत नाहीत ना, मग संस्थेने कशाला बसून राहायचं? रविवारी सुट्टी माझी असते. शाडूची दोन पोती रिक्षात टाकली आणि आपट्याला गेले. शाळेच्या गुरुजींनी नदीकाठचं एक मोठं झाड दाखवलं. पाताळगंगेचं पाणी कळशीने आणून मुलांनी माती मळली. हत्ती झाले, बैल झाले, एक ट्रेलर झाला, बावीस चाकांचा असं सांगितलेला, प्रत्यक्षात माती सातव्या चाकाला संपली. गणपतीबद्दल विचारणारी ती मुलगीही होती. तिने मला विचारलं, ‘‘त्या बाय नाय आल्या?’’ मी म्हटलं, येतील. पुढच्या रविवारीही गेले. त्याच्या पुढच्याही. पाठ धरायची, नखांत माती राहायची, सोमवारी त्याच हातांनी मी संग्रहाचे हातमोजे घालायची. पण मी सही केली नाही, आणि सही न करता रोज वेळेवर कामावर जाणं हे राजीनामा देण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे मला त्या महिन्यांत कळलं.

शेवटी शेठनेच मधला रस्ता काढला. त्यांना मधले रस्ते काढायची सवय आहे, आयुष्यभर जमिनींचे वाद मिटवत आले आहेत. ‘‘तुमी सही करू नका. त्या बाईने काढलेत ना डोले, तीच येऊन पुसेल. घरचंच मानूस. तुमचं पन राहिलं, आमचं पन राहिलं.’’

निरोप मीच घेऊन गेले. वाटेत मनाशी म्हणत होते, त्या नाही म्हणतील, आणि मग मी शेठला सांगेन, बघा. वहिनींनी सगळं ऐकलं. बैठकीत कोण काय म्हणालं हेही विचारून घेतलं. मी सरांचं डाव्या डोळ्याबद्दलचं बोलणंही सांगून टाकलं. पडवीतल्या फळ्यांकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, ‘‘येते.’’

मला वाईट वाटलं. इतके आठवडे ज्याच्यासाठी मी हट्ट धरला, ते त्यांनी एका शब्दात सोडून दिलं असं वाटलं. पण त्यांचं गाव, त्यांचं घर, त्यांना तिथेच राहायचं होतं. दिवस ठरवून मी परतले.

ठरल्या दिवशी त्यांचा नवरा त्यांना स्कूटरवरून घेऊन आला. वरच्या भांडारात आम्ही पाच जण: शेठ, सर, वहिनी, त्यांचा नवरा आणि मी. वहिनींनी वाटीत पाणी मागितलं, कापूस स्वतःचा आणला होता. मूर्तीसमोर बसल्या. कापूस भिजवला, पिळला आणि डाव्या डोळ्यावरून हलकेच फिरवला. पुन्हा, पुन्हा. डोळा गेला. खाली अंगरंग जसाच्या तसा. सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मग त्यांनी कापूस वाटीत टाकला, पिशवीतून ब्रश काढला आणि रंगाची छोटी डबी उघडली.

‘‘अहो, हे काय?’’ सर म्हणाले.

‘‘डावा खाली आला हुता,’’ वहिनी मूर्तीवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘‘बरोबर बोललात तुमी. पोरांसमोर माजा हात कापला.’’

त्यांचा नवरा एक पाऊल पुढे आला. सर शेठकडे बघायला लागले. काहीतरी बोललं जाणार आणि तो हात हलणार, हे मला दिसत होतं. मी मूर्तीच्या आणि त्या तिघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. संग्रहप्रमुख म्हणून भांडारात कोण कुठे उभं राहील हे मी ठरवते. ‘‘काम चालू आहे,’’ मी म्हणाले. ‘‘होईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि कुणी पुढे यायचं नाही. बोलायचं असेल तर खाली जाऊन बोला.’’

कुणी खाली गेलं नाही. माझ्या पाठीमागे ब्रश चालला होता आणि मला तो बघता येत नव्हता, मी या तिघांची तोंडं बघत होते. त्यावरूनच मला काम किती झालं ते कळत होतं. आधी नवऱ्याची मान खाली गेली. मग शेठनी, कुणी सांगितलं नसताना, पायांतल्या चपला काढून भिंतीशी सरकवल्या. आणि सर, ते आपला चष्मा कपाळावर चढवून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. जन्मभर पोरांच्या वहीत वाकून बघितलं, तसंच.

‘‘आता जागेवर आला,’’ सर म्हणाले, अगदी हळू, आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो.

शेठ म्हणाले, ‘‘राहू दे मग.’’ जिन्यात मला म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी लय तानता.’’ मी म्हटलं, हो.

त्या पुसण्याच्या कागदाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. वर्ग सुरू झाले. दोरी मी आता बांधते, पण सैल. वहिनींनी त्या वर्षी पडवीतल्या फळ्यांवर थोडे गणपती मांडले. गावातल्या काही घरांनी घेतले, काहींनी तोंड फिरवलं. शेठच्या घरचा अजूनही पेणहूनच येतो, आणि मी दर वर्षी त्यांना त्यावरून बोलते.

मूर्ती दालनात ठेवायची ठरली तेव्हा मी तिच्याखाली लावायची पाटी तयार केली. मोठ्या अभिमानाने केली. घडण म्हणून म्हातारबाबांचं पूर्ण नाव, आणि खालच्या ओळीत: आखणी, मूर्तिकारांची सून. छापून आल्यावर वहिनींना बोलावून दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून वाचली. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण त्या दिवशी जास्तच लागला.

‘‘मामांचं नाव हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माजं कुटं हाय?’’

मी बोट ठेवून ती ओळ दाखवली.

‘‘ही तर सून हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मना पन नाव हाय, मॅडम.’’

इतक्या दिवसांत मी त्यांच्यासाठी कुणाकुणाशी भांडले, आणि त्यांचं नाव मला विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं. आधी माहेरचं सांगितलं, मग सासरी बदललेलं, आणि मग विचार करून म्हणाल्या, पहिलंच लिवा. मी त्याच दिवशी नवी पाटी छापायला टाकली. या आठवणीत मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, त्यांचंही इथे लिहिणार नाही. ते पाटीवर आहे, घडणीच्या नावाएवढ्याच टायपात. वाचायचं असेल तर पनवेलला यावं लागेल.